शालूआत्याच्या खुणा

कोल्हापूर,
५ ऑगस्ट २०२४

ति. शालूआत्यास,
त्रिशलाचा शि. सा. नमस्कार. जय जिनेंद्र.

वि. वि. आत्या, हातातला चिमटा खाली ठेव, चांदीची तार बाजूला सार आणि मगच पुढचं वाच. झालं! मला प्रवेश मिळाला! विद्यापीठाच्या विशेष शिक्षण विभागात, बी.एड.ला, आणि तेही ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायच्या गटात. यादीत नाव दिसलं आणि मी तिथंच पायऱ्यांवर अशी उडी मारली की शिपाईमामा धावत आले, पडलात काय म्हणून विचारायला. छत्तीस वर्षांची बाई, पोरगी दहावीत, आणि उड्या मारतेय!

मुलाखतीत काय झालं ते ऐक. विभागप्रमुख विजयसिंह सरांनी विचारलं की सांकेतिक भाषेची काही ओळख आहे का. मी छाती काढून सांगितलं की ओळख कसली, मी त्या भाषेतच वाढलेय, मला बोलायच्या आधी खुणा यायच्या. मग तुझं सगळं सांगितलं. सहाव्या वर्षी ताप आला आणि कान गेले, शाळेनं घेतलं नाही, तुझ्या भावानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, घरीच पाटीवर अक्षरं गिरवून घेतली. माझी आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि तू मला वाढवलंस. आपण तिघं पैंजणं जोडता जोडता दिवसभर हातांनी कशा गप्पा हाणायचो, तेही सांगितलं. सर खुर्चीत पुढं सरकून ऐकत होते.

वर्गात सगळ्या वीस-बावीसच्या पोरी. पुण्याकडच्या दोघी, मी ‘येतो, जातो’ म्हटलं की माना वळवून बघतात. मी सांगून टाकलं, हुपरीची बाई अशीच येतो आणि अशीच जातो, सवय करून घ्या.

आता खरं मागणं. पुढच्या शनिवारी स्वागताचा कार्यक्रम आहे आणि घरच्यांना बोलावलंय. तू ये. सरांना तुला भेटायचंय, आणि मला तुला सगळ्यांसमोर उभं करून सांगायचंय की मी हिच्यामुळं इथं आलेय. नाही म्हणू नकोस.

तुझे जावई उद्या माल न्यायला येतील, त्यांच्याबरोबर हे पत्र देते. आदिती म्हणते, आत्याआज्जीला मोबाईलवर लिही की, क्षणात पोचेल. तिला काय सांगू? सोळा वर्षं पैंजणांच्या गठ्ठ्यातून तुझं पत्र येतंय. गठ्ठा सोडला की आधी पत्र शोधायचं आणि मग माल बघायचा, ही आमच्या गुजरीतल्या चांदीच्या दुकानाची रीतच झालीय.

अण्णांना नमस्कार. लोभ आहे तो मला ठाऊक आहे, त्यात फक्त एका ‘येतो’ची भर घाल.

तुझी,
त्रिशला

*

हुपरी,
९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. त्रिशला हिस,
शालूआत्याचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

अगं पोरी, चिमटा खाली कुठला ठेवतोय मी, हातातच ऱ्हायला आन् तार लाल व्हऊन वितळली की! अण्णा वरडला असंल, मला काय ऐकू येतंय? मी पत्र त्याच्या नाकाम्होरं धरलं. त्यानं चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला. मग मी पत्र घेऊन समद्या गल्लीत फिरलो. शेजारच्या चिमणाबाईला वाचाय येत न्हाय, तरी तिनं बी दोनदा बघितलं आन् मान हालवली.

आता नीट ऐक. पैल्या बाकावर बसायचं. डबा घरचा न्यायाचा. पोरींम्होरं उगा शाणपणा करायचा न्हाय. आन् नवऱ्याला सांग, सकाळचा चा त्यानं करावा, तुला अभ्यास हाय.

तुजी आदिती माजं पत्र वाचून हसती म्हणं, आत्याआज्जी लई गावठी लिवती म्हणून. तिला सांग, कान गेलं तवा शेवटचं ऐकलं ते हुपरीचं बोलणं हुतं. त्येच अजून डोस्क्यात वाजतंय. त्याच्याफुडं दुसरं काय आत शिरलंच न्हाय, तर मी पुण्याचं कुठनं लिवू?

येण्याचं म्हणशील तर न्हाय. रागावू नगं. तुजी आज्जी मला ल्हानपणापास्नं सांगायची, लग्नाकार्यात हात पदरात ठेव, भाईरच्यांम्होरं हालवायचं न्हाईत, लोकं हसत्यात. एकदा अण्णाच्या आन् तुझ्या आईच्या लग्नात मी इसरलो आन् मांडवात हात हालवलं, तर चार पोरं माजी नक्कल करत फिरली. आज्जी त्या दिवशी रडली. तवापास्नं उंबऱ्याच्या भाईर माजं हात कामाला हायत, बोलायला न्हाईत. तू मला काय बी सांग, तुझ्या घरी येऊन चार महिनं भांडी घासतो, पर ह्ये नगं.

तू शीक. लई शीक. तुजं नाव यादीत हाय ह्येनंच माजं पोट भरलंय.

माया हाय तेवढी धाडली, उरली तर गठ्ठ्यात कोंबली हाय.

तुजी,
शालूआत्या

*

कोल्हापूर,
३ सप्टेंबर २०२४

ति. शालूआत्यास,
शि. सा. नमस्कार.

वि. वि. आत्या, आज तुझ्या भाचीची अशी फजिती झालीय की सांगू की नको असं झालंय. पण तुला नाही सांगायचं तर कुणाला?

आमचे सरावाचे पाठ इथल्या एका मूकबधिर शाळेत सुरू झाले. पहिला पाठ कोण घेणार असं सरांनी विचारलं, मी लगेच हात वर. सगळ्यांना सांगून ठेवलेलं ना, की मला येतं! बारा मुलं समोर. मला म्हणायचं होतं की छान मुलांनो, उद्या पाहुणे येणार आहेत, समजलं का? मी आपल्या खुणा केल्या. छान म्हणून, पैंजणाचा पक्का सांधा तपासतो तसा अंगठा दाबून मान हलवली. उद्या म्हणून तळवे घासले, कारण आज जोडलेला माल आपण उद्या घासतो. पाहुणे म्हणून तराजू तोलला, आपल्याकडं पाहुणा म्हणजे माल तोलायला येणारा व्यापारीच की. आणि समजलं का म्हणून दोन बोटांची कडी अडकवली.

मुलं बघत राहिली. मग एक पोरगी उठली, दप्तर उघडून पुढं धरलं आणि भाजी मागायला लागली! आख्खा वर्ग बाकांवर डोकी टेकून हसत होता. आमची सांकेतिक भाषा शिकवणाऱ्या दीपा मॅडम मागं बसल्या होत्या. त्या जन्मापासून बहिऱ्या आहेत, आणि इतक्या हुशार, इतक्या झटपट, की त्यांच्या हातांवरची नजर हलत नाही. त्याही हसत होत्या. नंतर त्यांनी मला कागदावर लिहून कळवलं की देशभर हजारो लोक जी भाषा बोलतात तिच्यात यातली एकही खूण नाही.

म्हणजे बघ, मी मुलाखतीत चक्क थाप मारली, आणि मला माहीतही नव्हतं! आपली भाषा खोटी निघाली गं आत्या. इतकी वर्षं आपण नुसते हातवारे करत होतो. आता मला अ आ पासून शिकायचंय. पण शिकणार, बघच तू. रोज पन्नास खुणा पाठ करतेय, आदिती माझी परीक्षा घेते आणि चुकले की मोठ्यानं ओरडते.

पर्युषणाला यायला जमणार नाही, पाठ आहेत. अण्णांना सांग. हसून झालं असेल तर लोभ पूर्ववत चालू करावा.

तुझी,
त्रिशला

*

हुपरी,
१४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. त्रिशलास,
अनेक आशीर्वाद.

मी सहसा लिहीत नाही. लिहिणारी घरात दुसरी आहे, तिनंच लिहावं असं माझं मत. पण आता ती लिहीत नाही म्हणून मला बसावं लागलं.

तुझं तीन तारखेचं पत्र शालूनं वाचलं, घडी घातली आणि डब्यात ठेवलं. त्या दिवसापासून तिचे हात बंद आहेत. काम चालू आहे, रोजच्यापेक्षा जास्तच चालू आहे. पण बोलत नाही. काही लागलं तर पाटी घेते आणि लिहिते, मीठ संपलं, गॅस आण. माझ्याशी पाटी! बावन्न वर्षांत असं कधी झालं नव्हतं. परवा मी आपल्या खुणेनं जेवलीस का विचारलं, तर तिनं पाटीवर लिहिलं की हातवारे करू नकोस, खोटे असतात.

त्रिशला, ती सहा वर्षांची होती आणि मी अकराचा. तापातून उठली आणि आम्ही बोलायचो ते तिला कळेना, रात्रंदिवस रडायची. तेव्हा मी तारेचा तुकडा उचलून पहिली खूण केली. पाण्यासाठी होती. ती पाणी प्यायली आणि मग तिनं मला दुसरी खूण शिकवली. अशी एक तिची, एक माझी, करत ती भाषा झाली आहे. ती बोलणारी माणसं जगात आपण तीन. त्यातल्या एकीनं तिला खोटी म्हटलं.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. पण मिटव हे लवकर. मला घरात करमत नाही.

तुझा,
अण्णा

*

कोल्हापूर,
१८ सप्टेंबर २०२४

ति. शालूआत्यास,
त्रिशलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. उत्तम क्षमा.

आत्या, आज क्षमावाणी. घरोघरी जाऊन माणसं वर्षाची चूकभूल माफ करून घेतात. माझी चूक वर्षाची नाही, एका ओळीची आहे, पण तिच्यापुढं वर्ष काहीच नाही. अण्णांचं पत्र वाचून मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मोठमोठ्यानं रडले. मी गाढव आहे. नवीन शिकायला लागले आणि चार दिवसांत मला शिंगं फुटली.

आणि ऐक, मला आणखीही एक जण रागावलंय. मी दीपा मॅडमना सगळं कळवलं, आपण तिघं कसं बोलायचो ते, आणि मग मीच वर म्हणाले की ती काही खरी भाषा नव्हे. त्यांनी माझा हात धरून मला थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की त्यांना भाषा आयती मिळाली, शाळेत, शिक्षकांकडून. दोन लहान मुलांनी चांदीच्या तारेपासून सुरुवात करून आख्खी भाषा उभी केली, तिला खोटी म्हणणाऱ्या बाईनं शिक्षिका व्हायचा विचार सोडावा. इतक्या चिडल्या होत्या! मी मान खाली घालून उभी, आणि आतून मात्र मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आता मोनाबद्दल सांगते. ही सात वर्षांची पोरगी ऑगस्टमध्ये शाळेत आलीय, बिद्रीची. वडील गणपतराव तिथल्या साखर कारखान्यात आहेत. तिला ना बोलणं येतं, ना शाळेतली एक खूण. कुणी जवळ गेलं की टेबलाखाली शिरते. दीपा मॅडमनी मला तिच्याजवळ बसवलं आणि बजावलं की काही शिकवायचं नाही, तिलाच विचारायचं. मी तुझ्यासारखं केलं. भांडं पुढं ठेवलं आणि गप्प बसले. तिसऱ्या दिवशी तिनं हनुवटीखाली मूठ नेली. ऊस, आत्या! ऊस खायची खूण! ती आणि तिची आज्जी धोंडुबाई, दोघींनी घरात केलेली. कालपर्यंत तिच्या चौदा खुणा माझ्याकडं जमल्यात आणि ती आता टेबलाच्या वर बसते.

१९ ऑक्टोबरला विभागात विशेष शाळांच्या मुख्याध्यापकांचं शिबिर आहे. साठ जण येणार. सरांना त्यांच्यासमोर असं माणूस हवंय, ज्यानं स्वतः घरात भाषा केलीय. आख्ख्या जिल्ह्यात त्यांना दुसरं कुणी माहीत नाही. मी त्यांना शब्द दिलेला नाही. आज्जीनं तुला घातलेली बंदी मोडायला मी सांगणार नाही. पण मोनाची आज्जी म्हातारी आहे, आत्या. ती गेली की मोनाशी बोलणारं कुणी उरणार नाही, जर या साठ जणांना हे कळलं नाही तर.

माझ्यावरचा लोभ तू डब्यात घडी घालून ठेवलायस, एवढं मला कळलंय. तो बाहेर काढशील ही आशा.

तुझी चुकलेली,
त्रिशला

*

हुपरी,
२६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. त्रिशला हिस,
आशीर्वाद, पर थोडंच.

क्षमा करायलाच लागती, धर्माचं हाय म्हणून. तर केली. पर निम्मीच. ऱ्हायलेली निम्मी तुजं वागणं बघून.

त्या दीपाबाईला माजा नमस्कार सांग. बाई शाणी हाय.

मोनाचं वाचलं आन् दोन दिवस काम सुचलं न्हाय. टेबलाखाली मी बी बसत हुतो, आमचं टेबल न्हवतं म्हणून पलंगाखाली. आत्ता सांगतो, कुणाला सांगू नगं, तिथं बसून मी माज्याच हातांसंगं बोलायचो.

तर मी येतो. माज्या अटी लिवून घे. एक म्हंजे मी नुसती बसणार, हात हालवणार न्हाय. बोलायचं काम अण्णाचं आन् तुजं. पैल्या रांगंत बसणार न्हाय. तिथला चा पिणार न्हाय. सूर्य मावळायच्या आत जेवाण झालं पायजे, तुमच्या साहेबांचं भाषण लांबलं तर मी उठून जाणार. आन् मला बघून कुणी हळहळलं तर तिथल्या तिथं परत हुपरी.

हिरवं इरकल नेसू का जांभळं, अण्णाला इचारलं तर त्यानं दोन्ही खुणा एकदम केल्या. गडी आता परत बोलाय लागलाय, थांबतच न्हाय.

निम्मी माया धाडली हाय. जपून वापर.

तुजी,
शालूआत्या

*

कोल्हापूर,
२१ ऑक्टोबर २०२४

ति. अण्णास,
शालूचा नमस्कार. जय जिनेंद्र.

तुला नेमका त्याच दिवशी ताप यायचा हुता! तू आला असतास तर ह्ये पत्र लिवायला लागलं नसतं. आता चादर नीट घे आन् समदं वाच, मला लई सांगायचं हाय.

शनिवारी पोरगी मला घेऊन गेली. मागच्या रांगंत बसलो, पदर घट्ट. साठ मास्तर-मास्तरणी. शेजारी त्रिशला, जो कोण बोलंल ते मला आपल्या खुणांनी सांगाय. विजयसिंह साहेब लई भलं बोलले, माजं नाव घेतलं, मी मान खाली घातली. मला वाटलं झालं, आता घरी.

मग हंबीरराव म्हणून एक मुख्याध्यापक उभा ऱ्हायला. त्रिशला सांगत हुती आन् मधीच तिचं हात थांबलं. मी कोपरानं ढोसलं. ती सांगंना. मी परत ढोसलं, तवा तिनं सांगितलं. तो म्हणत हुता की घरनं आलेल्या पोराचं पैलं काम म्हंजे घरातलं हातवारं इसरायला लावायचं, ती वाईट खोड असती, त्याच्या शाळंत पैलं सहा महिनं पोरांना हाताची घडी घालून बसवत्यात.

अण्णा, मग मला ठावं न्हाय मी कवा उठलो. उठलो ते एकदम म्होरं, त्याच्यापशी. आन् दोन्ही हातांनी त्याला जे झाडलं! त्रिशला धावत आली आन् मोठ्यानं सांगाय लागली, ती दीपा त्रिशलाचं ओठ वाचून तिच्या भाषेत. मी म्हंटलो, मास्तर, तुमच्या आईनं तुम्हाला पैला शब्द दिला तो कुणी इसरायला लावला का? त्या मोनाकडं चौदा शब्द हायत, एका म्हातारीनं आन् तिनं मिळून केलेलं. ते तुमी काढून घेतलं तर ती पाणी कशानं मागंल? हाताची घडी घातली तर ते तोंड बांधल्यासारखं हाय. मी बावन्न वर्सं तसं बसलो. लोकं हसत्यात म्हणून बसलो. हसली तर हसू देत की! आन् ही माजी भाची, हिनं बी आमच्या भाषेला खोटी म्हंटलं हुतं, ती आता सुधारली हाय, तुमी बी सुधारा. त्रिशलानं ते बी मोठ्यानं सांगितलं, लाल व्हऊन. समदी हसली. अण्णा, साठ माणसं हसली आन् मला काय बी झालं न्हाय.

माजं थांबंना. चाळीस मिनिटं झाली म्हणं. शेवटी साहेबांनी घड्याळ दाखवलं, सूर्य मावळायला आला म्हणून.

त्या हंबीररावाला तुज्याएवढी पांढरी मिशी. मला वाटलं आता तो चिडणार. तो आला, म्होरं उभा ऱ्हायला आन् त्रिशलाला म्हणाला की बाईंना इचारा, पोराला त्याची खूण कशी इचारायची, मला कुणी शिकवलंच न्हाय. मी त्याला मोनाम्होरं खाली बसवला, आज सकाळी शाळा भरल्यावर तासभर. निघताना त्याला दोन खुणा आल्या हुत्या. पोरानं जितका आनंद करावा तितका त्यानं केला.

अण्णा, आई चुकली. तिला बी कुणी सांगितलं न्हवतं. मला तिचा राग न्हाय, पर चुकली ती, आन् ह्ये तुला सांगितल्याबिगर माज्या घशाखाली घास उतरणार न्हाय.

आता कामाचं. साहेबांनी मला दर बेस्तरवारी बोलावलंय. शिकाय आलेल्या पोरींना मी सांगायचं आन् दीपानं मला तिची भाषा शिकवायची. मी व्हय म्हंटलो, तुला न इचारता. बेस्तरवारची जोडणी तू चिमणाबाईच्या सुनंकडनं करून घे. त्रिशलाला ऱ्हायलेली निम्मी क्षमा मी शनिवारीच देऊन टाकली, रस्त्यातच, रिक्षात. ती रडत हुती आन् रिक्षावाला आरशात बघत हुता.

आन् एक. दीपानं मला त्रिशलाकडनं इचारलं, तुमचं खुणंत नाव काय? अण्णा, मी बोटांवर मोजून बघितलं. आपण तुला नाव केलं, आईला केलं, तोलाय येणाऱ्या व्यापाऱ्याला केलं, मांजराला सुदीक केलं. मला न्हाय केलं. लागलंच न्हाय की, तुम्हाला बोलवायचं असलं तर मी म्होरंच बसलेली, खांद्याला हात लावला की झालं. आन् मी नसताना माज्याबद्दल खुणांनी बोलणार कोण, आन् कशाला?

दीपा म्हणाली, आता लागंल. इथं माणसं तुमच्या माघारी बोलणार.

ते मोनानं केलं, हंबीररावाला शिकवताना मी त्याला कशी झाडत हुतो ते बघून. एक हात कमरंवर, दुसऱ्याचं बोट हंबीररावाच्या नाकाम्होरं. समद्या वर्गानं ते मला करून दाखवलं, एकदम, बारा पोरांनी आन् शिकाय आलेल्या तीस बायांनी. अण्णा, मी अठ्ठावन्न वर्सांची हाय आन् ह्ये माजं नाव हाय.

ताप उतरला की आधी ते शिकून घे. माया तुजीच दिलेली हाय, परत धाडतो, वाढवून.

तुजी,
शालू